डावी मूळ, उजवी नक्कल

सुखदेवराव,

परवा तुमच्या जलदान विधीच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलण्यास सांगितले. मी उठलो, चष्मा पुसला आणि पुन्हा बसलो. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात एकतीस वर्षे काढलेल्या आणि निवृत्तीनंतर यवतमाळातील एकही कार्यालय पत्राशिवाय न सोडलेल्या माणसाला दोन वाक्ये जुळवता येऊ नयेत, याचे मागच्या रांगेत कोणाला तरी वाईट वाटले. तसे वाटून घेण्याचे कारण नव्हते. शब्द माझ्यापाशी होते. मात्र ते जमलेल्या मंडळींसाठी नव्हते, तुमच्यासाठी होते. शिवाय ज्या इसमाविरुद्ध मला तक्रार नोंदवायची होती, तो मीच होतो. तुम्ही माझ्या पत्रांना लेखी उत्तर कधी देत नसा. एकदाच दिलेत. त्याविषयी यथाक्रम पुढे येईल.

आधी पेटी. तुम्ही तिचीच चौकशी प्रथम केली असती. तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी तिचा एक दिवा पिवळा झाला.

हे पत्र इतरांच्याही वाचनात येणार असल्यामुळे पेटी म्हणजे काय ते नमूद करणे भाग आहे. माझ्या बैठकीच्या खोलीत, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावर, इंटरनेटच्या राउटरशेजारी दोन विटांएवढी एक काळी पेटी आहे. तिच्यात दोन हार्ड डिस्का शेजारी शेजारी उभ्या आहेत. घरातल्या संगणकावरून तिच्यात जे जे ठेवावे ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवर लिहिले जाते. एक दुसरीचा आरसा. एक निकामी झाली तरी दुसरीवर सर्व शाबूत राहते. टेलिफोन खात्यात उभी हयात तारा जोडण्यात घालवलेल्या तुम्ही ती आणलीत, बसवलीत आणि म्हणालात, "घ्या. आता हे तुमचं रेकॉर्ड रूम."

तिच्यात ठेवायला काय होते, हेही सांगितले पाहिजे. कापसाची ती वर्षे. बोंडात अळी आणि पाठीवर पंप. रोजाने फवारणीला जाणारी माणसे डोळे सुजून, हातपाय थरथरत गावी परतत होती, आणि औषधाच्या बाटलीवरच्या सूचना ज्या भाषेत छापल्या होत्या ती भाषा त्यांच्यापैकी कोणालाही येत नव्हती. मी त्यांचे अर्ज लिहिले. सुवाच्य, परिच्छेदांना क्रमांक घालून, सोबत जोडपत्रे लावून. ते संबंधित कार्यालयात मुळासह सादर केले, पोच घेतली. सात महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: मूळ अर्ज अभिलेखात आढळून येत नाहीत. त्या दिवशी मी काय काय बोललो ते तुम्ही ऐकले आहे. तुम्ही शांतपणे चहा संपवलात आणि म्हणालात, "कागद गहाळ होते, नक्कलसायेब. आवाज नाई होऊ द्यायचा."

नक्कलसायेब. हे नाव तुम्हीच ठेवलेत. प्रथम मला राग आला होता. आता ते नाव घेणारे कोणी उरले नाही, याचा येतो.

मग आपले गुरुवार सुरू झाले. सकाळची एसटी, तुमच्या खांद्याला रेकॉर्डरची पिशवी, माझ्या हाती कोऱ्या कागदांची. मारेगावकडच्या एका वस्तीवर सुमनबाईचा जबाब घेतला, तो दिवस मी विसरणे शक्य नाही. औषध कालवताना उडाले होते. एका डोळ्याने तिला केवळ उजेड कळत होता. मी माझ्या पद्धतीने लिहिले, 'विचारले असता सांगते की, सदर दिवशी मी शेतात मजुरीस हजर होते.' वाचून दाखवले. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, "हे कोन बाई हाय, भाऊ?"

"तुम्हीच."

"मी नाई. मी अशी बोलत नाई."

तुम्ही हसला नाहीत. रेकॉर्डर तिच्यासमोर ठेवून म्हणालात, "बोल माय. मशीन ऐकून राह्यली." आणि ती बोलली. मध्ये बकरी ओरडली, शेजारीण येऊन गेली, तिने नवऱ्याला दोन शिव्या घातल्या. परतताना मी एसटीत म्हणालो की शिव्यांचा भाग वगळावा लागेल. तुम्ही म्हणालात, "काहून? थ्याच तं खऱ्या हायेत." शिव्या राहिल्या. असे त्रेचाळीस जबाब त्या पेटीत आहेत. फवारणीच्या विषबाधेची चौकशी करणाऱ्या आयोगाने ते ऐकण्याचे मान्य केले आहे आणि सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. कागद गहाळ झालेले असल्यामुळे त्या माणसांच्या बाजूने या जगात दुसरा पुरावा नाही.

आता भांडणाचा विषय. तो तुमच्यापुरता लहान होता, माझ्यापुरता मोठा.

पेटी बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला लेखी विचारले होते की, दोहोंपैकी मूळ डिस्क कोणती आणि नक्कल कोणती. तुम्ही येऊन तोंडी सांगितलेत, "मूळ कोनी नाई, नक्कल कोनी नाई. दोघी बी सारख्या." हे माझ्या बुद्धीला पटेना. एकतीस वर्षे मी प्रत्येक नकलेच्या पायाशी 'अस्सलबरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणे तंतोतंत, असे लिहून सही केली. ज्या घरात अस्सल नाही त्या घरात नक्कल कशी नांदेल? मी पुन्हा पत्र दिले. मग तिसरे. शेवटी एके दिवशी तुम्ही दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणलीत, डाव्या डिस्कच्या तोंडावर 'मूळ' आणि उजवीच्या तोंडावर 'नक्कल' असे बॉलपेनने लिहून चिकटवलेत. "झालं समाधान? यंत्राले काई फरक पडत नाई. तुमाले झोप लागली म्हंजे झालं." मला खरोखरच झोप लागली.

दिवा पहिल्यांदा पिवळा झाला तेव्हा संगणकाच्या पानावर इंग्रजीत 'डिग्रेडेड' असा शेरा आला होता. मी तो सेवानियमांप्रमाणे वाचला, पदावनत. बडतर्फी नाही, निलंबन नाही. खालच्या श्रेणीत ढकलले. मी तुम्हाला फोनवर विचारले, कोणत्या आदेशान्वये. तुम्ही इतके हसलात की विमलवहिनींनी तुमच्या हातून फोन घेतला. मग येऊन समजावलेत: पेटी चालू आहे, मात्र एकाच पायावर उभी आहे, दुसरी डिस्क सोबत सोडून बसली आहे. कधी डिस्क खरोखर खराब होते, तर कधी वीज खालीवर झाल्याने नुसती रुसते. म्हणून घाई करायची नाही. पेटी रीतसर बंद करायची, दोन्ही डिस्का बाहेर काढून धूळ पुसायची, पुन्हा घट्ट बसवायच्या, चालू करून पाहायचे. तुम्ही तसे केलेत. चष्मा कपाळावर सरकवून दोन्हींच्या अंगावरचे बारीक आकडे खिडकीच्या उजेडात वाचलेत. दिवा हिरवा झाला. जाताना म्हणालात, "पुन्हा होनार हे. आता तिसरी प्रत काढा. आरसा म्हंजे राखन नाई. एकीतून चुकून पुसलं तं दुसरीतूनही पुसलं जाते. आन् घर जयलं तं दोन्ही आरसे एकाच भिताडावर." तिसरी प्रत दिग्रसला तुमच्या बहिणीकडे ठेवावी, असा तुमचा प्रस्ताव होता. मी तो फेटाळला. मजुरांची नावे घराबाहेर गेली तर उद्या त्यांना त्याच शेतांवर कोण बोलावील, ही माझी भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण तुमची भीतीही खोटी नव्हती, हे मी मान्य केले नाही.

आणि चहा पिता पिता मी म्हणालो, "बिघडली असेल ती नक्कलच."

"काहून? मूळ बिघडत नाई का?"

"मूळ ते मूळ, सुखदेवराव. नक्कल कितीही चांगली असली तरी तिला मुळाची सर नाही."

तुम्ही कप खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत. तो तुम्ही कधीच चढवत नसा. म्हणालात, "माह्या आज्याले बी लोक असंच सांगत. मूळ कोन, आन् कोन कोनाच्या खाली. माह्या बापानं धम्माची दीक्षा घेतली तवा ते पट्टी काढून फेकली. तुमी डिस्कीले बी लावून मांगितली, मी लावून देल्ली. मजाक म्हून. पर तुमाले ते मजाक वाटतच नाई."

मग नेहमीप्रमाणे उठून, मोरीवर जाऊन तुम्ही तुमचा कप स्वतः धुतलात, पालथा घातलात आणि गेलात.

मी त्याच सायंकाळी तुम्हाला तीन पानी पत्र लिहिले. परिच्छेद एक ते अकरा. उक्त आरोप मला सर्वस्वी अमान्य आहे. आपल्या मैत्रीच्या कालावधीत माझ्याकडून भेदभावाची एकही कृती घडल्याचे आपण दाखवून द्यावे. आपण दोघे एसटीच्या एकाच बाकावर बसलो आहोत, एका डब्यातून भाकर खाल्ली आहे, सबब सदर विधान आपण मागे घ्यावे. पत्र उत्तम होते. प्रतिपक्षाला जागा न सोडणारे. मी ते स्वतः टपालात टाकले. त्यानंतर नऊ दिवस तुमचा फोन आला नाही, मी केला नाही, आणि दहाव्या दिवशी जो फोन आला तो तुमचा नव्हता.

तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी दिवा पुन्हा पिवळा झाला. मी दुपारचे जेवण सोडून पेटीसमोर बसलो. संगणकाच्या पानावर लिहिले होते की, एक डिस्क निकामी आहे, आणि शेजारी त्या डिस्कचा लांबलचक अनुक्रमांक दिला होता. सुखदेवराव, मी तो वाचला नाही. ज्याने आयुष्यभर मूळ आणि नक्कल समोरासमोर ठेवून स्वल्पविरामसुद्धा ताडून पाहिले, त्याने तो आकडा वाचला नाही. वाचण्याची गरजच वाटली नाही. कोणती बिघडली हे मला ठाऊक होते. तुमच्याच अक्षरात लिहिले होते. मी पेटी बंद केली, 'नक्कल' बाहेर काढली, आणि एकट्या 'मूळ'वर पेटी चालू केली.

काहीही आले नाही. फोल्डर नाहीत, जबाब नाहीत. पानावर लाल अक्षरांत एक ओळ, की साठा उपलब्ध नाही. अभिलेखात आढळून येत नाहीत, हेच त्या ओळीचे मराठी. त्या कार्यालयावर मी जितका संतापलो होतो तितका मी त्या क्षणी स्वतःवर संतापू शकलो नाही. विचारण्यासारखा माणूस एकच होता.

मी कशालाही हात न लावता पेटी बंद केली आणि लोहारा भागातल्या तुमच्या घरी आलो. भेटायला यायचे राहिलेच होते. निमित्त असे निघावे, याची लाज वाटली. विमलवहिनींनी बसायला सांगितले, चहा ठेवला. मी पेटीचे काही बोललो नाही. त्या स्वतःच आत गेल्या आणि तुमचा स्क्रूचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात पेचकसांखाली घडी घातलेले माझे पत्र होते.

"हे तुमचंच हाय, भाऊजी. दोनदा वाचलं त्याइनं."

"रागावले?"

"हासले. म्हने, नक्कलसायेबाचं अक्षर रागात लय सुदं येते." मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "आन् मंग नाई हासले."

तिसऱ्या पानाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने तुमचे अक्षर होते. अकरा परिच्छेदांना एवढेच उत्तर: 'डावी ४४१९. उजवी ६०२७. नाव पाहू नका, नंबर पाहा. आधी तिसरी प्रत.'

तुम्ही विधान मागे घेतले नव्हते. खोडूनही काढले नव्हते. आरोपाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिले नाहीत, आणि तरीही सर्व लिहिले होते. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. मग मला परिच्छेद सात आठवला, ज्यात मी भेदभावाची एक तरी कृती दाखवा, असे आव्हान दिले होते. कृती नव्हतीच. वेगळा कप आमच्या घरात कधी नव्हता. परंतु जितकी वर्षे तुम्ही आमच्याकडे चहा प्यायलात तितकी वर्षे प्रत्येक वेळी तुम्ही आपला कप स्वतः धुतलात. इतर कोणी पाहुणा धूत नाही. आणि मी एकदाही 'राहू द्या' म्हटले नाही. ते मला दिसत होते, सुखदेवराव. बरे वाटत होते की विचारावे लागत नाही. पुरावा कायद्यात अशा मौनाला काय म्हणतात, हे मला इतरांनी सांगण्याची गरज नाही.

चहा संपला. मी उठलो, मागच्या नळावर गेलो आणि माझा कप धुतला. विमलवहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या 'राहू द्या' म्हणाल्या नाहीत. त्यांचे बरोबर होते.

घरी येऊन पानावरचा अनुक्रमांक वाचला, शेवटचे चार आकडे बोट ठेवून. ४४१९. डावी. म्हणजे मूळ. निकामी झालेले मूळच होते. मी बाहेर काढून टेबलावर ठेवलेल्या नकलेत त्रेचाळीस माणसांचे आवाज शाबूत होते. ती जागेवर बसवली, चिमटा अडकल्याचा आवाज येईपर्यंत दाबली, आणि पेटी चालू केली. पाच मिनिटे लागली. दिवा पिवळाच राहिला, पण फोल्डर आले. खात्री करण्यासाठी मी सुमनबाईचा जबाब उघडला. आधी तुमचा आवाज आला. प्रत्येक जबाबाच्या सुरुवातीला तो आहे, हे माझ्या ध्यानात नव्हते. "बोल माय. मशीन ऐकून राह्यली." मी बकरी ओरडेपर्यंत ऐकले, मग बंद केले.

त्यानंतर सर्व तुमच्या क्रमाने केले. आधी तिसरी प्रत. बाहेरची डिस्क जोडून सर्व जबाब तिच्यावर उतरवले आणि एकेक उघडून पाहिले. मगच बाजारातून नवी डिस्क आणली, आधीच्याहून लहान नसलेली, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. दुकानदार म्हणाला, "काका, मिरर हाय तं टेन्शन कायचं?" मी त्याला म्हणालो, आरसा म्हणजे राखण नव्हे. हे वाक्य कोणाचे, हेही सांगितले. सकाळी डावीच्या जागी नवी बसवली आणि पानावर टक्केवारी चढू लागली. शेजारीण, म्हणजे उजवी, आपल्याजवळ असलेले सर्व तिला देत होती, न थांबता. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी दोन्ही हिरवे झाले. काल एसटीने दिग्रसला जाऊन तिसरी प्रत तुमच्या बहिणीच्या हाती दिली. तिच्यात मजुरांची नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. आपल्या दोघांचे भय त्यात सामावते, असे मला वाटते. हे तुमच्या हयातीत सुचले असते तर भांडण एका दुपारात मिटले असते.

उजव्या डिस्कवरची चिकटपट्टी मी नखाने काढली. चिकट डाग राहिला आहे. तो पुसत बसलो नाही. नव्या डिस्कवर काही लिहिलेले नाही.

आता एक काम राहते. संगणकातली नोंद पुरावा म्हणून दाखल करताना यंत्र ज्यांच्या ताब्यात होते त्यांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. आपल्या दोघांच्या नावे त्याचा मसुदा मी गेल्या वर्षीच टंकित करून ठेवला होता. त्यात एक ओळ मी स्वतःच्या सवयीने घातली होती: 'सोबतची ध्वनिमुद्रणे कोणत्या मूळ डिस्कवरून घेतली ते नमूद करावे.' ती जागा भरण्यासाठी मी आज सकाळी लेखणी उचलली. हात आपोआप 'अस्सलबरहुकूम' लिहायला गेला.

मी लिहिले आहे: दोन्ही अस्सल.

खाली माझी सही केली आहे. शेजारची सहीची जागा तुमची होती. तिथे मी दुसऱ्या कोणाचे नाव टाकलेले नाही.